रिकामं कॅरियर

१ जानेवारी, बुधवार

लॅबमध्ये रद्दीत काढलेली एक नोंदवही घरी आणली. निम्म्याहून जास्त कोरी आहे. या वह्यांचा नियम मला आवडतो. काही खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. पान संपलं की दुसऱ्या कोणीतरी ते वाचून 'तपासले' लिहायचं. आठ वर्षं माझ्या पानांखाली नलिनीताईंचं बारीक, उभट अक्षरातलं 'तपासले' असायचं. या वहीत ती जागा रिकामी राहील.

वही काढायचं कारण असं की आज नोटीस लागली. कंपनीच्या बचाव पथकात यंदा बायकांनाही घेणार आहेत. चाचणी बावीस फेब्रुवारीला. मैदानाच्या सहा फेऱ्या, म्हणजे दोन किलोमीटर चारशे मीटर, पंधरा मिनिटांत. मी नोटिशीसमोर उभ्या उभ्याच नाव लिहून टाकलं.

नवऱ्याला, उन्मेषला, सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "चव्वेचाळिसाव्या वर्षी आग विझवायला जाणार तू? घरातला गीझर बंद करायला विसरतेस."

मी म्हटलं, रोज गोत्रीतल्या घरापासून कोयलीच्या पलीकडे प्लँटपर्यंत अकरा किलोमीटर सायकल मारते, येताना पुन्हा अकरा. प्लँटमध्ये दिवसभर सायकलच. सहा फेऱ्यांचं काय एवढं?

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "पण का?"

बायकांनी पुढे यायला हवं, असं काहीतरी बोलले मी.

४ जानेवारी, शनिवार

पहाटे सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पहिल्यांदा धावले. दम लागला नाही, पाय लागले. नडग्यांवर कोणी लाटणं फिरवतंय असं वाटत होतं. सायकलवर आपलं वजन सीट सांभाळते. धावताना प्रत्येक पावलाला आपणच आपल्याला झेलायचं. आणि सायकलवर दमलं की पाय थांबवून बसता येतं, ती आपली आपण जात राहते. इथे पाय थांबले की सगळंच थांबतं.

सहा फेऱ्यांएवढ्या अंतराला अठरा मिनिटं पन्नास सेकंद, त्यात दोनदा चालले.

वॉचमन गेटवरून ओरडला, "कौमुदीबेन, कूतरुं पाछळ छे के शुं?" कुत्रं नव्हतं. मी म्हणे सारखी मागे वळून बघत होते. माझ्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी नलिनीताईंकडे गेले, सुरळीच्या वड्या घेऊन. त्यांचं घर आमच्यापासून दोन सोसायट्या सोडून. दिवाळीपासून त्या अलकापुरीच्या ऑफिसात बसतात, प्लँटमध्ये येत नाहीत. दार उघडायला आल्या तेव्हा श्वास लागला होता, आणि खोली ती केवढी. मी चाचणीचं सांगितलं.

"तू आणि धावणार?"

"जमेल की, ताई."

"जमेल गं. धावायला काय." मग वडीचा तुकडा तोडला. "मोहरी जास्त झाली आज."

६ जानेवारी, सोमवार

दर सोमवारी सकाळी दहाला भोंगा तपासण्यासाठी वाजवतात. कोणी मान वर करत नाही. चहाचा कप हातात असेल तर घोट घेऊन होतो. आज वाजला तेव्हा माझ्या हातातलं द्रावण टेबलावर सांडलं.

गेल्या वर्षी अकरा मार्चलाही सोमवारच होता. दहाचा भोंगा वाजून गेला आणि चार मिनिटांनी पुन्हा वाजला. सगळ्यांना वाटलं, आज टेस्ट लांबली आहे. नलिनीताई आणि मी कूलिंग टॉवरमागच्या केबिनमध्ये पाण्याचे नमुने घेत होतो. क्लोरीनची गळती झाली होती. नलिनीताईंचा गुडघा दुखरा, त्यांना पळणं शक्य नव्हतं. त्यांनी मला मदत आणायला पाठवलं. मी सायकलवरून गेट गाठलं, माणूस आत आहे म्हणून सांगितलं. पथक आत गेलं आणि त्यांना बाहेर काढलं. पंधरा ऑगस्टला मला प्रशस्तिपत्र मिळालं, 'प्रसंगावधान' म्हणून.

चौकशीच्या कागदावर असंच आहे.

९ जानेवारी, गुरुवार

सोमवारच्या नोंदीत एका वाक्यावर रेघ मारली आहे. 'त्यांनी मला मदत आणायला पाठवलं.' बाजूला सही केली.

त्यांनी मला पाठवलं नव्हतं.

प्लँटमध्ये पेट्रोलची गाडी चालत नाही, म्हणून सगळे सायकलीवर. आम्हा दोघींना मिळून लॅबची एकच सायकल होती. ताईंना पेडल मारवत नसे, म्हणून त्या माझ्यामागे कॅरियरवर बसायच्या, मांडीवर नमुन्यांच्या बाटल्यांचा क्रेट धरून. त्या दिवशीही तशाच आलो होतो. दुसरा भोंगा वाजला तेव्हा त्या म्हणाल्या, "सोमवार आहे गं, चालू दे." मी दाराशी होते. मला वास आला. आम्ही रोज पाण्यातला क्लोरीन मोजतो, तो वास मी झोपेतही ओळखीन. वर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाहिली, तिचं शेपूट आमच्याकडे होतं, म्हणजे वारा आमच्याच दिशेने.

तेवढं कळायला मला दोन सेकंद लागले असतील. तिसऱ्या सेकंदाला मी सायकलवर होते.

हाक मारली नाही. 'ताई, बसा' एवढे दोनच शब्द होते. त्या नळाकडे तोंड करून पाठमोऱ्या होत्या. मी गेलेलं त्यांनी पाहिलं नाही. गेटवर पोचल्यावर मात्र मी किंचाळले की नलिनीताई आत आहेत. सगळ्यांना वाटलं, त्यासाठीच आले. साहेबांनी विचारलं, "त्यांनी पाठवलं का तुम्हाला?" आणि मी मान हलवली.

चौकशी झाली तेव्हा ताई हॉस्पिटलात होत्या. माझा जबाब त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हो, मीच पाठवलं." तीन दिवस ऑक्सिजनवर असलेलं माणूस. काय विचारतायत, हेही त्यांना कळलं नसणार. तेव्हापासून तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही.

एप्रिलमध्ये मी लॅबच्या सायकलचं कॅरियर काढून स्टोअरला जमा केलं. गंजलंय म्हणून लिहिलं. गंजलं नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळं बडोदे गच्चीवर, रस्ते मोकळे. गळ्याला मफलर गुंडाळून धावले, मांज्याची भीती. वरून कोणाचा तरी पतंग कटला की सगळ्या गच्च्या एकदम ओरडत, आणि दर वेळी मी थांबून मागे बघत होते. सतरा मिनिटं दहा सेकंद.

दुपारी ताईंना ऊंधियूं द्यायला गेले. त्यांचं कुटुंब वर गच्चीत होतं, त्या एकट्या खाली. तीन जिने चढवत नाहीत. "तू जा वर, मज्जा कर," म्हणाल्या. मी नाही गेले. दोघी खिडकीशी बसून वरचा गलका ऐकत राहिलो. निघताना त्यांनी माझा हात धरला. काहीतरी बोलतील असं वाटलं.

"काही सांगायचं होतं का तुला?" असं त्यांनीच विचारलं.

"नाही, ताई. डबा उद्या नेईन."

२० जानेवारी, सोमवार

आजपासून सराव कंपनीच्या मैदानावर. शिकवायला सेफ्टीचे जगदेवराव. साठीला आलेला माणूस, मिशा अजून काळ्या, बोलणं तोफेसारखं. मला दोन फेऱ्या पळवून म्हणाले, "मॅडम, इंजिन फर्स्टक्लास आहे. चेसिस कच्ची. आणि ते पाय गोल काय फिरवताय? पेडल नाहीये खाली!"

सगळे हसले, मीसुद्धा. पावलं लहान टाकायची, टाच आपटायची नाही, एक मिनिट पळायचं नि एक मिनिट चालायचं, मग चालणं कमी करत न्यायचं. नडग्या दुखल्या तर त्या दिवशी फक्त सायकल. सायकलवर मिळवलेला दम वाया जात नाही म्हणाले, हाडांना मात्र नवं काम शिकायला वेळ द्यावा लागतो.

मग त्यांनी नियम सांगितला. पथकात एकटं कोणी आत जात नाही, एकटं बाहेर येत नाही. म्हणून चाचणी जोडीने. दोघींपैकी मागून येणारीने रेघ ओलांडली की घड्याळ थांबणार. आणि भोंगा झाला की सायकलला हात लावायचा नाही. मार्चमध्ये गेटच्या तोंडाशी सायकली टाकून लोक पळाले, बंबाला आत जायला अडथळा झाला. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पण त्यातली पहिली सायकल माझी होती.

माझी जोडीदार वसुंधरा, स्टोअरमधली. अडतीस वर्षांची, जाड वेणी, तोंड सतत चालू. "कौमुदीताई, तुमच्यामुळे मी नाव दिलं हं. माझ्या सासूबाईंना तुमचा फोटो दाखवलाय, प्रशस्तिपत्रवाला."

मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

२८ जानेवारी, मंगळवार

सोळा मिनिटं पाच. वसुंधरा सोळा चाळीस.

जगदेवराव आज वैतागले. "मॅडम, दर पन्नास पावलांना मागे काय बघता? मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल तिरकं. अर्धं मिनिट तिथेच जातंय. काय विसरलंय का मागे?"

कुत्र्यांची भीती वाटते म्हटलं.

"मैदानात कुत्रं नाही. समोर बघा. बस."

८ फेब्रुवारी, शनिवार

सवय मोडायला युक्ती काढली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावायची आणि श्वास मोजायचे, तीन आत, दोन बाहेर. कानात फक्त तेवढंच. आज एकदाही मागे पाहिलं नाही. पंधरा मिनिटं वीस सेकंद.

इतकं हलकं वाटलं की घरी येताना रडू आलं. पथकात गेले की आत शिरायचं काम माझं. पुढच्या वेळी भोंगा वाजला तर सगळे बाहेर येतील आणि मी आत जाईन. मग बरोबरी होईल. मग ताईंना सांगितलं नाही तरी चालेल, असं मनात आलं. लिहिलंय तसंच ठेवते.

लीलो चिवडो घेऊन ताईंकडे. त्यांनी पळण्याचं बारीकसारीक विचारलं, बूट कोणते, जोडीला कोण.

"वसुंधरा? ती मागे पडते का?"

"थोडी."

"मग तू काय करतेस?"

"पुढे जाऊन थांबते, ताई. सरावच आहे सध्या."

त्या खोकू लागल्या. बराच वेळ. मी पाणी दिलं. पेला परत देताना म्हणाल्या, "तू दमत नाहीस का गं?" पळण्याबद्दलच विचारलं असणार. मी म्हटलं, आता सवय झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौदा मिनिटं बावन्न सेकंद! उन्मेषने सेव उसळ आणली. वसुंधरा पंधरा दहा. ती म्हणते, त्या दिवशी ओढा मला थोडं, दहा सेकंद मी काढीन. मी हो म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नापास.

लिहायचं नव्हतं. पण या वहीला तो पर्याय नाही.

सकाळी सातला सुरू झालं. पाच जोड्या. वसुंधरा माझ्या डाव्या हाताला. पहिल्या तीन फेऱ्या बरोबर होतो, तिची वेणी पाठीवर आपटताना ऐकू येत होती. चौथ्या फेरीत मी टाकीवर नजर लावली. तीन आत, दोन बाहेर. मागून पावलं येत होती, ती तिचीच असं धरून चालले. शेवटच्या फेरीला पाय जणू माझे नव्हते. रेघ ओलांडली. चौदा एकतीस. एवढ्या वेगाने मी कधीच धावले नव्हते. दोन्ही हात वर केले मी.

कोणी टाळी वाजवली नाही. जगदेवराव घड्याळ हातात धरून मैदानाच्या पलीकडे बघत होते. तेव्हा मी वळले.

वसुंधरा निम्मी फेरी मागे होती. कुशीत हात दाबून, वाकून, पण चालत नव्हती, पळतच होती. मागची पावलं दुसऱ्या जोडीची होती. ती पोचली तेव्हा सोळा पंचवीस झाले होते.

ती मातीतच बसली. मी पाणी घेऊन गेले. ती घेईना. मग घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "कुशीत चमक आली हो. दोनदा हाक मारली तुम्हाला."

"ऐकलं नाही गं."

घरी आल्यावर आंघोळीला बसले तेव्हा कळलं की हे खरं नाही. वरच्या वाक्यावर रेघ मारत नाही, कारण मी तसं बोलले होते. पण पहिली हाक ऐकली होती मी. ती 'चला' म्हणाली असेल, असं स्वतःला सांगितलं. श्वास मोजणं चालू ठेवलं.

या वेळी वास नव्हता, गॅस नव्हता, भोंगा नव्हता. मरण्याची भीती नव्हती. फक्त एक घड्याळ होतं.

जाताना जगदेवराव म्हणाले, "आठ मार्चला पुन्हा संधी आहे. चूक माझीही आहे. मागे बघू नका म्हणून मीच शिकवलं."

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला ताईंकडे गेले. डबा नेला नाही. ही वही नेली.

दार त्यांनीच उघडलं. माझ्या हातांकडे पाहिलं. "अकरा महिन्यांत पहिल्यांदा रिकामी आलीस."

मी काल काय झालं ते सांगायला लागले आणि सांगता येईना. मग नऊ जानेवारीचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा शोधला, पुसला. वाचायला बसल्या. त्या लॅबमध्ये वाचायच्या तसंच वाचत होत्या, ओळीखाली बोट ठेवून. मी उभीच होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. तो तसा व्हायला मी कारण आहे, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून मनात म्हटलं.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पेन दे."

पेन दिलं. त्यांनी बोट एका ओळीवर आणलं. 'मी गेलेलं त्यांनी पाहिलं नाही.' त्यावर डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली.

मी वही माझ्याकडे वळवली.

"सायकलचं स्टँड वाजलं," त्या म्हणाल्या. "मी वळले. तू वळणापर्यंत दिसत होतीस. कॅरियर खडखडत होतं."

"मग तुम्ही चौकशीत..."

"मी नाही म्हटलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. माझं व्हायचं ते झालंच होतं."

"पण मला का नाही बोललात?"

"मी का बोलू?" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, लगेच खोकला आला, हाताने मला थांबवलं. "दर शनिवारी वाटायचं, आज सांगेल. तू आपली डबा काढायचीस. सुरळीच्या वड्या, चिवडा, ऊंधियूं. माझं वजन वाढलं चार किलो."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

"मला राग आहे," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "जिना चढताना रोज येतो. तुझा येतो, आणि सोमवार आहे म्हणून नळ चालू ठेवणाऱ्या बाईचाही येतो. वास मलाही यायला हवा होता. माझी आठ वर्षं तुझ्यापेक्षा जास्त नोकरी."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. मी म्हटलं, उद्या साहेबांना सांगणार आहे, प्रशस्तिपत्र परत करणार आहे.

"त्यांनी काढून टाकलं तर?"

"तर टाकलं."

त्यांनी पुन्हा वही ओढली. पानाच्या तळाशी, आठ वर्षं लिहायच्या त्या जागी, 'तपासले' लिहिलं. तारीख घातली. अक्षर तेच, बारीक, उभट.

"चहा टाक," म्हणाल्या. "साखर कमी."

३ मार्च, सोमवार

साहेबांनी ऐकून घेतलं. नोकरी राहिली, ताकीद मिळाली, लेखी. जबाब दुरुस्त केला. पण ताईंनाही पुन्हा बोलावणार, 'मीच पाठवलं' का म्हणालात म्हणून. ते मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "बोलावू दे. या वेळी खरं सांगायचंय, सोपं आहे." लॅबमध्ये दोघीजणी माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

पथकात माझं नाव ठेवायचं की नाही, ते जगदेवरावांवर सोडलंय. ते एवढंच म्हणाले, "शनिवारी सातला या. वसुंधरेला विचारून या."

दुपारी स्टोअरमध्ये गेले. वसुंधराला सगळं कळलंय, सगळ्या कंपनीला कळलंय. मी लॅबच्या सायकलचं कॅरियर परत मागणारी चिठ्ठी पुढे केली. तिने ती वाचली, आत गेली, फडताळामागून ते काढून आणलं, फडक्याने पुसलं.

"गंजलेलं लिहिलंय रजिस्टरमध्ये," ती म्हणाली. "गंज कुठाय?"

"नाही. ते खोटं लिहिलं होतं."

तिने कॅरियर माझ्याकडे सरकवलं. मग वेणी मागे टाकली. "संध्याकाळी मैदानावर येणार आहात का? मी पुढे पळणार. तुम्ही मागे. मला तुमचा भरवसा नाही अजून."

"बरोबर आहे."

साडेपाचला पळालो. ती पुढे, मी चार पावलं मागे. चौथ्या फेरीत तिच्या कुशीत पुन्हा चमक आली, ती चालायला लागली, मीही चालले. तिने मागे वळून पाहिलं. मी होते. पुन्हा पळायला लागली. पाचव्या फेरीत पुन्हा वळून पाहिलं. सहाव्या फेरीत नाही पाहिलं.

पंधरा मिनिटं चाळीस सेकंद. दोघींचे.